मर्डरमधले दोन ‘र’

लंडनच्या माणसाला ‘लॉ अँड ऑर्डर’ म्हणायला सांगा आणि नीट कान देऊन ऐका. ‘ऑर्डर’मध्ये दोन ‘र’ आहेत, ते दोन्ही तो गिळून टाकतो. ‘लॉ’च्या शेवटी एकही ‘र’ नाही, तिथे मात्र तो एक घुसवतो. ऐकू येतं ते साधारण ‘लॉ-रन्-ऑडऽ’ असं. होते ते गेले, नव्हता तो आला. त्याला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की मी असं काही बोललोच नाही.

आता याच माणसाला न्यूयॉर्कचा सरकारी वकील करून ‘लॉ अँड ऑर्डर’ याच नावाच्या मालिकेत कोर्टात उभं करायचं आहे. ही गंमत म्हणून नाही सांगत, खरंच घडलंय. 1990 मध्ये सुरू झालेल्या या अस्सल न्यूयॉर्की मालिकेत मायकल कटर हा वकील लायनस रोच या मँचेस्टरच्या नटाने रंगवला. 2022 मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा नोलन प्राइस हा सरकारी वकील म्हणून आला ह्यू डॅन्सी. तोही इंग्लंडचाच, स्टोक-ऑन-ट्रेंटचा. दोघांचाही ‘र’ शाबूत होता.

अमेरिकेच्या गुन्हेमालिका पाहणाऱ्यांना हा धक्का कधी ना कधी बसतोच. आठवडेच्या आठवडे एखाद्या डिटेक्टिव्हच्या मागे फिरावं, मग यूट्यूबवर त्याची मुलाखत लागावी आणि समोरचा माणूस भलत्याच आवाजात बोलू लागावा. मला तो धक्का इद्रिस एल्बाने दिला. ‘द वायर’मधला स्ट्रिंगर बेल, बाल्टिमोरच्या ड्रग्जच्या धंद्याचा हिशेबी मेंदू, प्रत्यक्षात लंडनच्या हॅकनीचा निघाला. आईवडील घानाचे आणि सिएरा लिओनचे. मी ती क्लिप तीनदा मागे नेऊन ऐकली.

मला हे जास्तच लागलं, त्याला कारण आहे. 2004 साली मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करत होते आणि नऊ तास माझं नाव जेनी असायचं. त्याआधीचे तीन आठवडे ‘व्हॉइस अँड अ‍ॅक्सेंट’ नावाचं ट्रेनिंग झालं होतं. तिथे ‘एमटीआय’ हा शब्द दिवसातून पन्नासदा ऐकू यायचा. एमटीआय म्हणजे मातृभाषेचा प्रभाव, आणि तो एखाद्या आजारासारखा उच्चारला जायचा. ‘तुझा एमटीआय फार आहे’ म्हणजे तुझी मराठी तुझ्या इंग्रजीतून डोकावते. ‘विटनेस’ आणि ‘व्हिक्टिम’ या दोन्हींची सुरुवात आम्ही एकाच ‘व’ने करायचो. पहिल्याला ओठांचा चंबू लागतो, दुसऱ्याला खालच्या ओठावर दात टेकवावे लागतात, हे आम्हाला आरशासमोर उभं करून शिकवलं. त्या तीन आठवड्यांत जे कळलं, त्याच्या आधारावरच सांगते की हे नट नेमकं काय करतात.

एक प्रयोग करा. आपला मराठी ‘र’ म्हणा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, हिरडीजवळ पटकन आपटून परत येतं. आता जीभ कुठेही न टेकवता ‘र’ म्हणायचा प्रयत्न करा. जीभ मागे ओढा, तिचा जाडसर गोळा करा, कडा वरच्या दाढांना हलकेच भिडू द्या, पण टोक हवेत तरंगू द्या. घशातून जो घोगरा, चघळल्यासारखा आवाज येईल, तो अमेरिकन ‘र’. आमच्या ट्रेनर म्हणायच्या, तोंडात गरम बटाटा आहे असं समजा.

मग पुढची गंमत. आपला टकटक आपटणारा ‘र’ अमेरिकन माणूस वापरतो, पण जिथे ‘र’ लिहिलेला आहे तिथे नाही. ‘वॉटर’मधला ‘ट’ तो आपल्या ‘र’सारखा बोलतो. ‘सिटी’चं आपल्या कानाला ‘सिरी’ होतं. ‘लेडी’मधल्या ‘ड’चंही तेच. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘ट’ किंवा ‘ड’ तो जिभेच्या एका टिचकीत उरकतो. म्हणून ‘मर्डर’ हा शब्द अमेरिकन तोंडात भलताच होतो. आधी एक तरंगता ‘र’, मधला ‘ड’ म्हणजे आपला टिचकीचा ‘र’, शेवटी पुन्हा तरंगता ‘र’. लंडनचा माणूस हाच शब्द ‘मऽडऽ’ असा दोन स्वरांत आणि एका स्वच्छ ‘ड’मध्ये संपवतो. दोघांच्या उच्चारात सारखं असं जवळजवळ काहीच उरत नाही. आणि गुन्हेमालिकेत हा शब्द टाळून चालत नाही, दर दहा मिनिटांनी कोणीतरी तो उच्चारणारच.

खरं तर या बाबतीत आपण अमेरिकेच्या जास्त जवळ आहोत. मराठी माणूस कार, डॉक्टर, सरकार, मर्डर यातला एकही ‘र’ सोडत नाही. आपला ‘र’ त्यांच्यासारखा नाही, पण तो असतो हे महत्त्वाचं. इंग्रज नटाला तो आधी आठवावा लागतो.

इथेच घोडं पेंड खातं. परका ध्वनी तोंडात बसवणं अवघड असतं, पण सरावाने जमतं. आपल्या भाषेतला न दिसणारा नियम सोडणं त्याहून कठीण. लंडनच्या इंग्रजीत ‘फार’ म्हणताना शेवटचा ‘र’ नसतो, पण ‘फार अवे’ म्हणताना तो परत येतो, कारण पुढे स्वर आला. आपल्याकडे शाळेत संधी शिकवतात, तसलंच हे प्रकरण. दोन स्वर समोरासमोर आले की मध्ये काहीतरी सांधा हवा. इंग्रज जिभेला ही सवय इतकी अंगवळणी पडते की जिथे मुळात ‘र’ नव्हता तिथेही ती सांधा घालते. ‘लॉ’ आणि ‘अँड’च्या मध्ये आलेला पाहुणा तो हाच. हा नियम कोणी शिकवत नाही, त्यामुळे तो मोडायचा कसा हेही नटाला कोणीतरी बोट दाखवून सांगावं लागतं.

ते सांगणाऱ्या माणसाला तिकडे डायलेक्ट कोच म्हणतात. मोठ्या मालिकांमध्ये हे शिक्षक सेटवर हेडफोन लावून बसतात, टेक झाल्यावर येऊन एखाद्या स्वराबद्दल कानात सांगून जातात. त्यांचं काम सुटे उच्चार दुरुस्त करण्यापुरतं नसतं. ते आधी तोंडाची बैठक बदलतात, म्हणजे बोलत नसताना जीभ कुठे विसावते, जबडा किती सैल असतो, ओठ किती हलतात. गाणाऱ्याच्या गळ्याची बैठक असते ना, तसंच. बैठक जमली की अर्धे ध्वनी आपोआप जागेवर येतात. ती मोडू नये म्हणून काही नट सेटवर पाऊल टाकल्यापासून घरी जाईपर्यंत अमेरिकनच बोलतात, चहा मागतानासुद्धा. ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेचा इंग्रज नायक ह्यू लॉरी याच्याबद्दल हे नेहमी सांगितलं जातं.

एवढं करूनही पाय घसरतो. ओळखीच्या जागा आहेत. ओरडण्याचा किंवा रडण्याचा प्रसंग ही पहिली, कारण भावना उसळली की जीभ माहेरी पळते. आयत्या वेळी बदललेलं वाक्य ही दुसरी. आणि छोटे, निरुपद्रवी शब्द. मोठमोठे कायदेशीर शब्द घोटून घोटून पाठ केलेले असतात, पण ‘एनीथिंग’, ‘बिन’, ‘अगेन’ यांच्याकडे कोण लक्ष देतं? उलटी चूकही होते. सगळीकडे ‘र’ घालायचाच असं ठरवून बसलेला नट ‘अमेरिका’च्या शेवटीही एक ठेवून देतो.

पोलिसी मालिकांचे स्वतःचे सापळे वेगळेच. ‘लेफ्टनंट’ हा शब्द घ्या. आपण तो इंग्रजांकडून घेतला, ‘फ’सकट. अमेरिकेत तो ‘लूटेनंट’ आहे, आणि तिथल्या पोलीस खात्यात हे पद बहुतेक ठिकाणी आहे. ब्रिटिश पोलिसांत ते नाहीच. तिथे कॉन्स्टेबल, सार्जंट, इन्स्पेक्टर अशी उतरंड, जिचा वारसा आपल्या फौजदारापर्यंत पोहोचला. ‘लॅबोरेटरी’चंही तसंच. इंग्रज दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन ‘लबॉरट्री’ म्हणतो, अमेरिकन पहिल्यावर जोर देऊन ‘लॅब्रटोरी’. रक्ताचा नमुना लॅबोरेटरीत पाठवल्याशिवाय यांचा एक भाग तरी पुढे सरकतो का?

आता ‘र’चा थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सतराव्या शतकात ब्रिटनमधून लोक अमेरिकेला गेले तेव्हा इंग्लंडमध्येही बहुतेक लोक ‘र’ उच्चारत होते. लंडन आणि आसपासच्या भागात तो गळाला नंतर, अठराव्या शतकाच्या शेवटाकडे. म्हणजे ‘खरी’ इंग्रजी इंग्लंडची आणि अमेरिकेने ती बिघडवली, ही आपल्याकडची लाडकी समजूत निदान या अक्षरापुरती उलटी आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंडने तर तो सोडलाच नाही. त्यामुळे डब्लिनच्या एडन गिलनला ‘द वायर’मध्ये टॉमी कार्सेटी हा बाल्टिमोरचा महत्त्वाकांक्षी राजकारणी करताना या एका बाबतीत सोपं गेलं असणार.

पण अमेरिकेतही सगळे ‘र’वाले नव्हते. बॉस्टन, न्यूयॉर्क, दक्षिणेतली सवाना, चार्ल्सटन अशा समुद्राकाठच्या शहरांनी लंडनची फॅशन उचलली आणि ‘र’ टाकला. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं आणि ‘र’ उच्चारणं हे शिकलेल्या, वरच्या थरातल्या माणसाचं लक्षण झालं. विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत जाऊन हे पकडलं. एक दुकान महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं. विक्रेत्यांना तो अशा वस्तूचा पत्ता विचारायचा जी चौथ्या मजल्यावर मिळते. उत्तर यायचं ‘फोर्थ फ्लोअर’. मग ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारायचा. एका उत्तरात दोन ‘र’, आणि दुसऱ्यांदा माणूस जास्त सावध होऊन बोलतो. दुकान जितकं महाग तितके ‘र’ जास्त, असं निघालं. कुठलं यंत्र नाही, प्रश्नावली नाही, नुसता चौथा मजला!

नटासाठी याचा अर्थ असा की ‘अमेरिकन बोल’ ही सूचना अपुरी आहे. कुठला अमेरिकन? कोणत्या गल्लीतला, किती शिकलेला, कोणत्या सालातला? ‘मराठी बोल’ म्हटल्यावर सदाशिव पेठ, मालवण आणि अकोला यातलं काय करायचं, असाच हा प्रश्न. बहुतेक मालिका यातून पळवाट काढतात आणि कुठल्याच गावाचा नसलेला, बातम्या वाचणाऱ्यासारखा अमेरिकन स्वर घेतात. कॉल सेंटरमध्ये आम्हाला ‘न्यूट्रल’ म्हणून तेच विकलं जायचं.

पळवाट न काढणारं उदाहरण म्हणजे 2021 ची ‘मेअर ऑफ ईस्टटाउन’. फिलाडेल्फियाच्या कुशीतली डेलावेअर काउंटी, तिथली थकलेली डिटेक्टिव्ह मेअर शीहन, आणि ती साकारणारी इंग्लंडच्या रेडिंगची केट विन्सलेट. त्या भागात पाण्याला ‘वूडर’ म्हणतात. ‘होम’, ‘फोन’ यातला ‘ओ’ जिभेच्या पुढच्या भागातून निघतो, मुरका मारल्यासारखा. ही बोली टीव्हीवर क्वचित ऐकू येते, त्यामुळे नक्कल करायला आयते नमुनेही कमी. विन्सलेटने बोली-शिक्षिकेबरोबर त्यावर पुष्कळ मेहनत घेतली आणि त्या वर्षीची एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मानाचा पुरस्कार, जिंकली. मालिका चालू असतानाच ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाने या बोलीची टर उडवणारा तुकडा केला. तोवर उरलेल्या अमेरिकेलाही ही बोली अशी ऐकायला मिळाली नव्हती.

मग प्रश्न पडतो की एवढा खटाटोप कशासाठी? अमेरिकेत नटांचा दुष्काळ आहे का? लॉस एंजेलिसमध्ये तर वाढप्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे ऑडिशन देऊन आलेले असतात म्हणे.

कारण अभिनयात कमी आणि करारात जास्त आहे. अमेरिकन नेटवर्कची मालिका हिट झाली तर वर्षाला बावीस-चोवीस भाग असायचे, आणि ते वर्षानुवर्षं. मुख्य भूमिकेसाठी शेवटच्या फेरीत पोहोचलेल्या नटाला, भूमिका मिळायच्या आधीच, सहा-सात वर्षांच्या करारावर सही करावी लागते. मालिका चालली तर चॅनल त्याला बांधून ठेवणार, नाही चालली तर तो मोकळा. सात हा आकडाही हवेतून आलेला नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे लादता येत नाही. 1944 मध्ये ऑलिव्हिया द हॅविलंड या अभिनेत्रीने स्टुडिओविरुद्ध खटला जिंकला तेव्हा ही सात वर्षं कॅलेंडरची, शूटिंगच्या दिवसांची बेरीज नव्हे, हे पक्कं झालं. (या बाईंचा जन्म टोकियोचा, आईवडील ब्रिटिश, आणि जगाला त्या अमेरिकेच्या दक्षिणेतली सोज्वळ स्त्री म्हणून आठवतात. विषय पिच्छा सोडत नाही.)

नावाजलेला अमेरिकन सिनेनट अशा करारात स्वतःला अडकवून घ्यायला फारसा राजी नसायचा. ब्रिटिश नटासाठी हिशेब वेगळा होता. त्याच्या देशात गुन्हेमालिकेचं एक पर्व म्हणजे सहा-आठ भाग, पैसा बेताचा. अमेरिकेच्या एका पर्वात त्याची काही वर्षांची कमाई होऊ शकते. त्यातून जानेवारी ते एप्रिल या ‘पायलट सीझन’मध्ये सगळी नेटवर्क्स एकाच वेळी डझनावारी नव्या मालिकांचे नमुना-भाग बनवायची, म्हणजे सगळ्यांना एकाच महिन्यात नायक हवे. चाळिशीचा, रंगभूमीवर घासून निघालेला, पण अमेरिकन प्रेक्षकाला अनोळखी चेहरा मिळाला तर सोन्याहून पिवळं. प्रेक्षक त्याला नट म्हणून ओळखत नाही, थेट डिटेक्टिव्ह म्हणूनच भेटतो.

अंतराची अडचण व्हिडिओने मिटवली. डॉमिनिक वेस्टने ‘द वायर’साठी इंग्लंडमधून टेप पाठवली, ती तर अजब होती. समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कोणी नव्हतं. म्हणून त्याने स्वतःची वाक्यं म्हटली, मध्ये रिकामी जागा सोडली, आणि त्या शांततेवर चेहऱ्याने प्रतिक्रिया देत राहिला. मालिकेचा जनक डेव्हिड सायमन आणि मंडळी आधी हसली, मग त्यांना अभिनय दिसला. जिमी मॅकनल्टी हा बाल्टिमोरचा बेवडा, हट्टी डिटेक्टिव्ह त्याला मिळाला. शेफिल्डला जन्मलेला, ईटनमध्ये शिकलेला हा माणूस.

एल्बाची कथा निराळी. तो न्यूयॉर्कमध्ये येऊन राहिला होता, क्लबच्या दारावर उभा राहून पोट भरत होता, आणि रस्त्यावर ऐकून ऐकून बोली उचलत होता. त्याला निवड करणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की तू इंग्लंडचा आहेस हे सायमनला कळू देऊ नकोस. बऱ्याच फेऱ्यांनंतर थेट प्रश्न आला तेव्हा त्याने खरं सांगून टाकलं. भूमिका तरीही मिळाली. ह्यू लॉरीने ‘हाउस’ची टेप नामिबियात, एका सिनेमाच्या शूटिंगदरम्यान, हॉटेलच्या बाथरूममध्ये केली, कारण पुरेसा उजेड तिथेच होता. ती पाहून दिग्दर्शक ब्रायन सिंगर खूश झाला, बघा, मला असाच अस्सल अमेरिकन माणूस हवा होता! ‘हाउस’ ही तशी वैद्यकीय मालिका. पण त्यातला डॉक्टर रोगाचा माग गुन्हेगारासारखा काढतो आणि त्याच्या घराचा क्रमांक शेरलॉक होम्सच्या घराचाच, 221 बी आहे, तेव्हा इथे चालवून घेते.

भूमिका मिळाली तरी व्हिसा हवा. अशा नटांचा नेहमीचा रस्ता म्हणजे ओ-वन व्हिसा, ‘असाधारण’ कर्तृत्वाच्या माणसांसाठी. त्यासाठी कारकिर्दीचे पुरावे लागतात, शिवाय टीव्ही-सिनेमाच्या बाबतीत कलाकारांची कामगार संघटना आणि निर्मात्यांची संघटना या दोघांचं मत मागवलं जातं. तो सुरुवातीला जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. मालिका लांबली की तो वाढवत राहायचा किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत लागायचं. हे सारं आपल्या हिंजवडीच्या आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको, फक्त व्हिसाचं अक्षर निराळं.

या सगळ्याचा कळस मला ‘विदाउट अ ट्रेस’मध्ये दिसतो. 2002 ते 2009, 160 भाग, न्यूयॉर्कमध्ये बेपत्ता माणसं शोधणारं एफबीआयचं पथक. पथकाचा प्रमुख जॅक मलोन म्हणजे अँथनी लापाग्लिया, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचा. त्याची सहकारी सॅमंथा म्हणजे पॉपी माँटगोमेरी, सिडनीची. दुसरी सहकारी व्हिव्हियन म्हणजे मारियान जीन-बाप्तिस्त, लंडनची. अमेरिकेची हरवलेली माणसं शोधायला अर्धी टोळी परदेशातून आलेली! गंमत म्हणजे लापाग्लियाने एमी मिळवली ती ‘फ्रेझर’ या विनोदी मालिकेत इंग्रज माणूस साकारून. ‘द मेंटलिस्ट’चा पॅट्रिक जेनही ऑस्ट्रेलियाचाच, टास्मानियात जन्मलेला सायमन बेकर, आणि त्याच्या हाताखालचा रिग्जबी वेल्सचा. ‘हवाई फाइव्ह-ओ’चा नवा मॅक्गॅरेट, अ‍ॅलेक्स ओलॉकलिन, पुन्हा ऑस्ट्रेलियन. त्यांच्या देशात अमेरिकन मालिका लहानपणापासून घरोघरी लागलेल्या असतात, कान आधीच तयार होतो.

कॅनडाचे नट तर मोजायचे की नाही इथपासून वाद. शेजारच्या देशातले, ‘र’ जागच्या जागी, ‘सॉरी’ आणि ‘अबाउट’ एवढे दोन शब्द सांभाळले की काम झालं. ‘कॅसल’मधला नेथन फिलियन कॅनडाचा, त्याच्यासमोरची स्टाना काटिकही तिथलीच. आणि पेरी मेसन, अमेरिकेचा सर्वांत नावाजलेला टीव्ही वकील, 1957 पासून नऊ वर्षं रेमंड बर नावाच्या कॅनडियनाने रंगवला. 2020 मध्ये मालिका नव्याने आली तेव्हा तो काळा कोट वेल्सच्या मॅथ्यू ऱ्हीसने घातला. आरोपी अमेरिकन, कोर्ट अमेरिकन, ज्युरी अमेरिकन, वकील मात्र दोन्ही वेळा बाहेरगावचा.

हे सगळं कौतुकाने सांगितलं तरी तिकडे यावर सगळेच टाळ्या वाजवत नाहीत. कृष्णवर्णीय अमेरिकन नटांची तक्रार गंभीर आहे. त्यांच्या वाट्याला आधीच मोजक्या चांगल्या भूमिका, त्यातही त्यांच्याच इतिहासाच्या, त्यांच्याच गल्लीतल्या भूमिका लंडनहून आलेल्याला द्यायच्या? सॅम्युअल एल. जॅक्सनने 2017 मध्ये एका रेडिओ मुलाखतीत सिनेमाच्या संदर्भात हा मुद्दा काढला, आणि नंतर खुलासा केला की रोख नटांवर नव्हता, हॉलीवूडच्या कारभारावर होता. दुसरी बाजूही पोकळ नाही. एल्बाने 2016 मध्ये ब्रिटिश खासदारांसमोर सांगितलं की मायदेशात आपल्यासाठी वर जायची वाटच उरली नव्हती, म्हणून देश सोडावा लागला. राजवाडे आणि सरदारांच्या मालिकांमध्ये त्याला काय मिळणार होतं? स्ट्रिंगर बेलनंतर मात्र त्याच देशाने त्याला ‘लूथर’ या मालिकेतला डिटेक्टिव्ह दिला, स्वतःच्या आवाजात.

मला दोन्ही तक्रारी खऱ्या वाटतात, आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत. एका देशातली दारं बंद आहेत म्हणून दुसऱ्या देशातल्या आधीच अरुंद दारात गर्दी झाली आहे.

आपल्याकडच्या चेहऱ्यांची गोष्ट याच गर्दीतली. ‘द नाइट ऑफ’ या 2016 च्या मालिकेत क्वीन्समधल्या टॅक्सीवाल्याचा मुलगा नासिर खान खुनाच्या आरोपात सापडतो. पाकिस्तानी-अमेरिकन पात्र, आणि नट रिझ अहमद, लंडनचा ब्रिटिश-पाकिस्तानी. त्याच्या बोलण्यात घरची उर्दू दाखवायची नव्हती, न्यूयॉर्कच्या कॉलेजातल्या पोराचा सूर हवा होता. पुढच्या वर्षी त्याला एमी मिळाली. ‘द गुड वाइफ’मधली कलिंदा शर्मा ही शिकागोची तपासनीस लंडनच्या आर्ची पंजाबीने केली, तिलाही एमी. आणि 2015 मध्ये ‘क्वांटिको’त प्रियांका चोप्रा एफबीआयची उमेदवार अ‍ॅलेक्स पॅरिश झाली, आई भारतीय, वडील अमेरिकन. तिने किशोरवयाची काही वर्षं अमेरिकेत शाळेत काढली होती, त्याचा उपयोग झालाच. तरी तिचा ‘र’ ऐकताना मला आमच्या ट्रेनर बाई आठवायच्या. त्या मालिकेत खोटी ओळख घेऊन वावरणारे पुष्कळ होते, पण एमटीआयची चिंता फक्त मलाच पडली असावी.

खोट्या ओळखीवरून मॅथ्यू ऱ्हीसकडे परत यावं लागतं. पेरी मेसनच्या आधी, 2013 ते 2018, तो ‘द अमेरिकन्स’मध्ये होता. मातृभाषा वेल्श असलेला नट, सोव्हिएत हेराच्या भूमिकेत, जो वॉशिंग्टनजवळच्या उपनगरात अस्सल अमेरिकन गृहस्थ बनून राहतो आणि कामासाठी टोप आणि चष्मे बदलत आणखी वेगवेगळे अमेरिकन बनतो. उच्चारात थोडी खोट राहिली असती तरी ती पात्राच्या नावावर खपली असती. त्याने ती ठेवली नाही, कारण त्या हेराला पकडलं जाणं परवडणार नव्हतं. शेजारीच एफबीआयचा अधिकारी राहायचा.

आणि डॉमिनिक वेस्ट. ‘द वायर’च्या दुसऱ्या पर्वात पोलिसांना एका कुंटणखान्यावर छापा घालायचा असतो. आत बनावट गिऱ्हाईक पाठवायचं ठरतं, आणि ते गिऱ्हाईक इंग्लंडहून आलेला व्यापारी असल्याचं सोंग घ्यायचं ठरतं. सोंग कोणी घ्यायचं, तर मॅकनल्टीने. म्हणजे वर्षभर जीभ मागे ओढून ‘र’ सांभाळणाऱ्या शेफिल्डच्या माणसाला अखेर तो सोडायची परवानगी मिळाली. पण मॅकनल्टी बाल्टिमोरचा आहे, त्याला इंग्रजांसारखं बोलता येत नाही. त्यामुळे वेस्टला आपलीच बोली चुकीची बोलायची होती, एखादा अमेरिकन जशी चुकवेल नेमकी तशी. तो ती इतकी वाईट बोलतो की ऐकवत नाही.